टक

पुलगावच्या दुकानात दोन टाइमर होते काउंटरवर.
एकाला पडदा, आकडे, सोमवार-मंगळवार सगळं.
दुसऱ्याला नुसत्या दोन चकत्या :
किती तासांनी, किती मिनिटं.
माझा हात पडद्याकडे गेला.
राऊत म्हणाला, टाकी किती उंच?
न्हाणीच्या छतावर, म्हटलं. दहा फूट.
मग हा उघडणारच नाही भाऊ, याला पाण्याचा जोर लागतो.
चकतीवाला न्या. त्याच्यात गोळी फिरते,
रांगत आलेल्या पाण्यालाही वाट देते.

एकतीस वर्षं खांबावर चढलो मी.
गावात लाइन कधी येते, कधी जाते,
माझ्याएवढं कोणाला माहीत?
म्हणूनच सेलवर चालणारा पाहिजे होता.
आणि सेल घेतले बाजारातल्या टोपलीतले, दहाला चार.
हे पाझरतात, राऊत म्हणाला.
मला सेल शिकवतो का रे, मी म्हणालो.

टाइमरचे आटे पाऊण इंची, नळ अर्धा.
जोड आणायला पुन्हा पुलगाव.
पांढरी टेप गुंडाळली, जाळी धुतली,
भावाच्या पऱ्हाटीतून उरलेल्या बारीक नळ्या अंथरल्या
मोगऱ्यापासून कारल्याच्या मांडवापर्यंत.
मग कौतिकाचे तांबे मिनिटांत बसवायचे होते.
वांग्याला चार, कढीपत्त्याला दोन,
संत्र्याच्या रोपाला "त्याच्या तोंडाकडे पाहून".
तोंडाकडे पाहायची चकती नव्हती.
अकरा मिनिटं ठेवली सगळ्यांना.

या यंत्राची एक खोड :
चकती फिरवाल तेव्हापासून त्याचा दिवस सुरू.
पहाटे पाचला पाणी हवं
तर एकदा तरी पहाटे पाचला तुम्ही उठा.
उठलो. तोंडात बॅटरी धरून फिरवली.
टक.
नळ्यांत आधी हवा शिंकली, मग पाणी आलं.
अंधारातून कौतिका म्हणाली, झालं?
झालं. चल आता चंद्रपूरला,
पोरीचे दिवस भरत आलेत.

येणूबाई धुर्वे कुंपणाशी उभी होती.
दर मे महिन्यात आमच्या झाडांना तीच पाणी घालायची,
आम्ही येताना तिला लुगडं आणायचो.
औंदा नाही सांगितलं तिला. तिनंही विचारलं नाही.
डबीकडे पाहून एवढंच म्हणाली,
"हुशार हाये बापा.
पण वांग्याले कीड लागली त सांगन काय?"
मी ओशाळून म्हटलं, पहाटे वाजतं का तेवढं ऐकत जा.

चंद्रपुरात सेहेचाळीस, सत्तेचाळीस.
दवाखान्याच्या पायरीवरून रोज फोन.
येणूबाई, झालं का?
"झालं. टक झालं."
नात झाली त्या दिवशीही,
"झालं, झालं. पोरीचं वजन किती?"

बाविसाव्या दिवशी परतलो.
वांगी लोंबत होती. मोगरा भरलेला.
मी डबीचं झाकण काढलं,
स्प्रिंगांवर हिरवट-पांढरं पीठ,
सेल फुगून एकमेकांना चिकटलेले.
नळाखाली येणूबाईची बादली, कान तुटलेली,
आणि बादलीपासून वाफ्यांपर्यंत
पावलांनी चोपलेली एक वाट.

कधीपासून बंद आहे हे?
"तुमी गेल्यावर पाचव्या दिवसापासून."
मग फोनवर टक?
"म्याच केलं, तोंडानं.
तुमी तिकडं पोरीच्या काळजीत,
इकडची काहून सांगाव?"

कौतिका हसली, मग पदर डोळ्यांना लावून
संत्र्याच्या रोपाशी जाऊन बसली.
मी लिंबाची फोड घेऊन स्प्रिंगा घासत राहिलो.
उद्या राऊतकडे जाईन, महागाचे दोन सेल घेईन,
तो काही बोलणार नाही, फक्त पाहील.

येणूबाई बादली उचलून निघाली.
लुगडं आणलंच नव्हतं आम्ही.