यादीतल्या बाया

नियम असा आहे, साहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले,
मतदान किती झालं ते मोजायचं नाही,
यादी मोजायची.
यादीत चारशे बारा बाया.
आडव्या बाटलीवर दोनशे सात शिक्के पडले तर दुकान बंद,
दोनशे सहा पडले तर चालू.
जी आली नाही ती उभ्या बाटलीची.
जी मेली पण नाव राहिलं, तीही.

म्हणजे सरूबाई ठोंबरे, जिला जाऊन दोन उन्हाळे झाले,
उद्या तहसीलच्या कागदावर दारूच्या बाजूनं उभी.
तिच्या पाठीवरचे वळ मी पाहिले नाहीत.
तिच्या लेकीनं पाचवीत चित्र काढलं होतं.

मी इतिहासाचा मास्तर.
यादी वाचून दाखवणं, एवढंच माझं काम.
आदल्या रात्री शाळेच्या ओट्यावर
बाया जमल्या पऱ्हाट्या पेटवून,
अन् दुर्पता कुमरे म्हणाली,
"गुर्जी, असं कोठी झालं का आधी?"

मग मी अमेरिका काढली.
शंभरेक वर्षांपूर्वी तिकडच्याही बाया
गुत्त्याच्या दारात ठाण मांडत.
कॅन्ससमधली एक तर कुऱ्हाड घेऊनच आत शिरे,
आरसे, पिंपं, बाटल्या, सगळं.
"कुऱ्हाड त आपल्याही घरी हाये," मागून कोणी बोललं.
हसू पांगलं, धूर डोळ्यांत गेला.

मग सांगितलं, बायांच्या मताचा हक्क
एका राज्यात एका मतावर अडकला होता.
पोरगेलासा आमदार, चोवीस वर्षांचा,
कोटाला विरोधाचा लाल गुलाब,
खिशात आईची चिठ्ठी.
चिठ्ठीत घरच्यादारच्या गोष्टी
अन् मधेच एक ओळ: हो म्हण, बायांच्या बाजूनं.
तो हो म्हणाला.
"लिहिता येत होतं त्या मायले,"
दुर्पता म्हणाली. एवढंच.

दोन गोष्टी मी गाळल्या.
एक, तिथल्या दारूबंदीचं पुढं काय झालं.
दुसरी, कितीतरी काळ्या बायांना मताच्या दारातूनच
परत पाठवत राहिले, आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षं.
ओट्याच्या खाली, उजेडाबाहेर,
पोडावरच्या कोलाम बाया उभ्या होत्या.
त्यांना वर या म्हणायला
मला ती दुसरी गोष्ट आठवावी लागली.

सकाळी पैनगंगेपलीकडून
मिरची तोडणाऱ्यांचा छोटा हत्ती आला.
एकोणीस जणी, बोटं इतकी भगभगत होती
की शाई लावायला हात धरला तरी ओरडत.
समोर निंबाखाली दुकानदाराचा पुतण्या
साड्यांचं गाठोडं सोडून बसलेला.
काहींनी घेतली साडी, काखेत मारली,
अन् आत जाऊन काय केलं ते त्यांनाच ठाऊक.

संध्याकाळी आडवीवर दोनशे चार.
उभीवर अकरा.
बाद तीन, शिक्का नेमका रेघेवर.
बाकी सगळ्या न आलेल्या,
सुरतेत, आदिलाबादेत, मसणात.
साहेबांनी पेटीला लाख लावली.
दुकानाकडं फटाक्यांची लड उडाली.

दुर्पता शाळेच्या पायरीवर बसून
चपलेच्या अंगठ्याला सुतळी बांधत होती.
मान वर न करता म्हणाली,
"त्या अमेरिकेचं पुढं काय झालं?
काल तुम्ही मधातच थांबले."
तेरा वर्षांनी बंदी उठली, मी म्हटलं.
तोवर चोरून विकतच होते.
मग उघड्यावर परत आली दारू.

"अन् मत? बायाईचं मत घेतलं का वापस?"

नाही.

"मंग?"
तिनं सुतळी दातानं तोडली.
"सरूचं नाव खोडाचा अर्ज
कोन्या खिडकीवर भेटते, थे सांगा."