रिकामी बाजू

शब्बाथशाळेतून चिठ्ठी आली, निळ्या शाईत:
तिर्साच्या वडिलांनी उपासनेनंतर थांबावं.

थांबलो. सतरंज्या गुंडाळणाऱ्या पोरांनी
माझ्या पायाखालचीही ओढून नेली.
मनोरमाबाईंनी कागद पुढं सरकवला.
मधोमध रेघ. डावीकडं स्वर्ग,
त्यात गंगावेशीतल्या म्हशी, धार काढणारा माणूस,
शेजारच्या अक्काताई माने, करंड्यासकट,
आमचं मेलेलं मांजर.
उजवीकडं नरक.
तिथं एक दार. तेही उघडं.

"रंग संपला होता का गं?"
"नाही बाई. तिथं कुणी नाहीच."

हे कुणी शिकवलं हिला, असं विचारताना
बाईंचा आवाज कापत होता, रागानं नव्हे.
चाळीस वर्षं त्यांनी आमच्या पोरांकडून
वचनं घोकून घेतली, माझ्याकडूनही.
एक लेकरू हातचं जाईल ही भीती त्यांच्या डोळ्यांत
अगदी खरी होती. राग असता तर सोपं गेलं असतं.

मी शिरोलीला भट्टीवर असतो.
लोखंड पाण्यासारखं होताना रोज बघतो.
आग मला माहीत आहे, बाई
(हे मनात म्हणालो).
आठ तासांच्या वर तिच्यासमोर
आमचा मुकादमसुद्धा कुणाला उभं करत नाही,
आणि तो काही देव नाही.

केझियाचा हात भाकरीवरच थांबला.
"तिला काय कळतंय. पण तू तरी हसू नकोस.
उद्या हिचं लग्न कोण लावणार?
आपल्याला माती कोण देणार?
मंडळी म्हणजे शेवटी सहा खांदे,
बाकी सगळं चहा-बिस्किट."
खरं होतं तिचं. या एवढ्या शहरात आम्ही मूठभर.
तव्यावरची भाकरी करपली, तीच मी खाल्ली.

माझ्या पणजीला भावांनी ओढ्यापलीकडं सोडून दिलं होतं,
नवा देव घेतला म्हणून.
नाताळात आम्ही ही गोष्ट सांगतो, छाती फुगवून.
तिर्सानं यंदा विचारलं,
"तो ओढा अजून आहे?"

पाळकसाहेब घरी आले. पोह्यातली मिरची
ताटलीच्या कडेला नीट रचत बसले.
मग तिला म्हणाले, "तिथं कुणी नाही तर
प्रभू कशाला आला गं?"
"दार उघडायला," नखाचा रंग खरवडत ती म्हणाली.
"मग आतले सगळे आले बाहेर."
पाळकसाहेब बराच वेळ गप्प.
जाताना पायरीवर, चपला शोधता शोधता, मला म्हणाले,
"अधोलोकात उतरला, असं म्हणतो आपण दर रविवारी.
पण तेवढी ओळ भरभर म्हणतो."
आणि लगेच: "हे मंडळीत बोलू नका."

पुनरुत्थानाच्या पहाटे दफनभूमीत गेलो.
प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती, प्रत्येकाची आपली कबर.
वडिलांच्या दगडावरची काटकं मी झाडत होतो,
तोवर तिर्सा दिसेना.
भिंतीपाशी सापडली. फटीतून हात पलीकडं घालून,
बाहेरच्या गवतात मेणबत्ती उभी करत होती.
"तिकडं कुणी पुरलेलं नाही, बाळ."
"माहीत आहे."
वारा होता. तिची ज्योत दोनदा गेली.
मागं मनोरमाबाई बघत होत्या, केझिया बघत होती,
कुणीतरी खोकलं.

मी काय मानतो, मला खरंच सांगता येत नाही.
मी भट्टीवरचा माणूस. मला एवढंच कळतं,
पेटवलेलं विझू नये म्हणून आडोसा कसा धरायचा.
फटीतून हात घातला, तिच्या हाताच्या वरून.
पाळकसाहेबांची प्रार्थना संपली.
सगळ्यांनी आमेन म्हटलं. त्याच क्षणी
तापलेलं मेण माझ्या मनगटावर सांडलं,
आणि मी म्हणालो, "आई गं!"

तिर्सा हसली. म्हणाली, "चालतंय. ऐकलं त्यानं."