मंगळवारी गेट बंद असतं

मंगळवारी वाघाला सुट्टी.
म्हणजे गेट बंद असतं, वाघ असतोच,
पण हे सांगितलं की लोक उगाच आशा धरतात.
म्हणून जिप्सीत बसतानाच सांगते :
आज पाणी, कोसा आणि दगड.
नऊशे रुपये माणशी, जेवणासकट. पोरं निम्म्यात.

माझं नाव सगुणा कुळमेथे.
खिशावर पाटी आहे, तरी विचारतात.
पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, एक हिरवी टोपी,
आणि एक छापील कागद
ज्यात 'सुमारे' हा शब्द एकोणीस वेळा आलाय.

आधी कडा.
डिसेंबरातला धबधबा म्हणजे
वाळत घातलेल्या धोतराचं टोक, ठिबकणारं.
"एवढंच?" पुण्याचे काका म्हणतात.
मी वर बोट करते.
कपारीखाली आग्या मोहोळं,
परवा मोजली तेव्हा सदतीस होती.
अत्तर लावलेल्यांनी मागे थांबा, म्हटलं,
तर सगळे एकदम गप्प,
आणि गप्प झाल्यावरच ऐकू आलं
की केव्हापासून
अख्खा कडा घुमतोय.
काकांनी मोबाईल काढला आणि पुन्हा खिशात ठेवला.

जेवायला भात, लाखोळीचं वरण, वांगी-पोपटाची भाजी.
काकू घास हातात धरून माझ्याकडे बघतात.
शेंगा हो, बाई. शेंगांना म्हणतो आम्ही पोपट.
त्यानंतर त्यांनी दोनदा वाढून घेतली.

धनू नान्हेच्या अंगणात कोसे उकळत होते.
वास कुणालाच आवडत नाही, मी आधीच सांगते.
ऐनाच्या झाडावर अळ्या,
झाडाखाली धनू गोफण घेऊन,
दोन महिने पाखरांशी भांडण.
सायत्रा मांडीवर सूत वळते, बोलता बोलता,
मांडीवर तिथे केस उगवत नाहीत, गुळगुळीत पट्टा पडलाय.
काकूंना त्याचा फोटो हवा होता.
सायत्रा हसली, पदर ओढला, वळत राहिली.
"अळी मरते का?" छोट्या ओवीनं विचारलं.
माझ्या कागदात याला उत्तर नाही.
धनू म्हणाला, "हाव. मरते.
धागा तिचा, लुगडं तुमच्या आईचं,
पाप अर्धं-अर्धं करू."
ओवीच्या आईनं उचललेली ओढणी खाली ठेवली.
मग थोड्या वेळानं घेतलीच, हळदी रंगाची.

साडेचारला दगड.
मुद्दाम साडेचारला, कारण तेव्हा सावल्या लांबतात
आणि गवतात लपलेली वर्तुळं
आपली आपण दिसायला लागतात.
सुमारे तीन हजार वर्षं, मी म्हणते.
सुमारे लोखंडाच्या काळातली माणसं.
आत पुरलेल्यांसोबत भांडी, कुऱ्हाडी,
एका घोड्याच्या तोंडातला लगाम.
दगडांवर खळगे कोरलेत, ओळीनं.
कशासाठी? माहीत नाही.
हे 'माहीत नाही' मी कागद न बघता म्हणते,
दिवसभरातलं माझं सगळ्यात पक्कं वाक्य.

ओवी दगडांना हात लावत फिरली, मोजत.
बावीस. मग थांबली.
दात पडल्यावर राहते तशी जागा होती तिथे.
"इथला कुठे गेला?"
"काळाच्या ओघात काही दगड नाहीसे झाले,"
मी वाचून दाखवलं.

काळाचा ओघ म्हणजे माझा बाप,
एक बंडी आणि शेजाऱ्याकडून मागून आणलेले दोन बैल.
मी तेव्हा ओवीएवढी, मागून दगड ढकलत होते.
विहिरीजवळ नुसता चिखल असायचा ना.

अंधार पडल्यावर मी टोपी धुवायला बसते.
दगडावर पाच खळगे.
चौथ्यात साबणाची वडी नेमकी मावते,
बाकीच्यांतलं पाणी सकाळी कोंबड्या पितात.
आईला म्हटलं,
हा परत नेऊन ठेवू का, बावीस आहेत तिथे.
ती चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली,
"ने ना.
मंग कपडे कायच्यावर धुशीन?"

मी टोपी उलटी करून आपटली.
आवाज कड्यापर्यंत जात नसावा.