भिंगाची टोपी

पेटीत तेवीस पोशाख होते आणि माणूस एकच.
नशान तेरझियन, शिंप्याचा नातू,
आडनावातच सुई घेऊन जन्मलेला.
गिऱ्हाईक नसलं की तो स्वतःच व्हायचा
दर्वेश, हमाल, पाणक्या,
डोंगरातला दरोडेखोर,
कमरेला तीन पिस्तुलं, तिन्ही लाकडाची.

भिंगाची टोपी मी काढायची.
मोजायचे बारापर्यंत, श्वास रोखून,
जणू फोटो माझाच निघतोय.
मग टोपी परत. काळोखी खोली, ईथरचा वास,
आणि काचेवर हळूहळू उगवणारा
कुणी परका मनुष्य,
ज्याच्या भुवईत माझ्या नवऱ्याचा व्रण.

स्मर्नाच्या धक्क्याला जहाजं लागत,
फिरंगी उतरत, अंजिरं घेत,
आणि डझनाच्या भावाने ही कार्डं.
"अस्सल दर्वेश," मार्सेयची एक बाई म्हणाली,
"डोळ्यांतच वैराग्य आहे हो."
वैराग्य कसलं!
चाळीस दिवसांचा उपास चालू होता,
त्यात तंबाखू संपलेली.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही,
म्हणून तर बाकीची सगळी आणली.

वसंतात तो बैरुतला गेला, नवं भिंग बघायला.
खुंटीवर राहिला त्याचा रोजचा कोट,
कोपरावर झिजलेला, बाहीला चांदीच्या क्षाराचे काळे डाग,
तेवीसांत कधीच न मोजलेला.
मी तो घातला.
केस फेझमध्ये कोंबले, कोळशाने मिशी काढली
(त्याच्यापेक्षा बरी जमली).
आता भिंगाची टोपी कोण काढणार?
मीच काढली आणि धावले,
खुर्चीत बसले धाप गिळून,
एक, दोन, नऊ, दहा,
पुन्हा धावले.

काच काळ्या कापडावर ठेवून पाहिली.
हात आलेत. पितळेची बटणं आलीत.
छातीतून मात्र आरपार
खुर्चीची वेताची जाळी दिसतेय,
एकेक भोक मोजावं इतकी.

तो परतला तेव्हा ती काच
सामान न सोडताच त्याच्या हाती लागली.
खिडकीशी नेली, फिरवली, जवळ धरली.
"मी कधी बसलो होतो असा?"

मी चुलीपुढे होते. कॉफी उतू चालली होती.
"हललास तू," म्हटलं,
"म्हणून तसा आलायस."