चिलखतावरच्या टिकल्या

पारोळ्यात, गिरणीच्या माडीवर माझी खोली.
खाली बाजरी दळली जाते, वर पडदा पांढुरका होतो,
आणि सेनापतीच्या छातीवर आहे ते पीठ की धूळ
हे ठरवायला मी आधी बोट फिरवून बघतो.

चिलखत कोकिळाबाईनं केलं.
केळीची खोकी, रावेरकडची, दुहेरी पुठ्ठ्याची,
वर गोणपाट, गोणपाटावर खळ, खळीवर चांदीचा रंग.
खवले कापले ब्लाऊज बेतायच्या कात्रीनं.
मे महिन्यात, बोरीच्या कोरड्या पात्रात
गोंद उन्हानं पुन्हा सुटायचा
आणि सेनापती आरोळी ठोकण्याआधी
डावा खांदा चाचपून घ्यायचा.

संहितेत एकच ओळ: ‘चिलखत धगधगू लागतं.’
ती ओळ माझ्या वाट्याची.

धग चिकटवायची तर छातीवर खुणा हव्यात,
म्हणजे माणूस हलला की आगही हलेल.
खुणांचे स्टिकर धुळ्याहून यायचे होते, आले नाहीत.
कोकिळाबाई उठली, बाजारात गेली,
हिरव्या टिकल्यांचं पाकीट घेऊन आली.
अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानाची पायरी चढली होती.
दुकानदारानं नुसतं वर पाहिलं.
‘चिलखतले लागतस,’ ती म्हणाली.
चोवीस खवले, चोवीस टिकल्या.

आता रात्री मी त्या पुसतो.
एका फ्रेममध्ये चोवीस, सेकंदाला पंचवीस फ्रेम,
शॉट नऊ सेकंदांचा. गुणाकार करत नाही.
शेजारच्या खवल्याचा रंग उचलायचा, टिकलीवर ठेवायचा.
काम सोपं आहे. हात मात्र दर वेळी जरा थांबतो;
टिकली पुसणं म्हणजे आमच्या गल्लीत काय असतं
ते हाताला ठाऊक.

मग आग. ती आईच्या चुलीवरून घेतली:
पऱ्हाटीचा जाळ, मोबाईलवर, साडेतीन मिनिटं.
‘भाकर करपी राह्यनी, नी तू फोटू काढस,’ आई म्हणाली.
जाळ छातीत बसवला. खोटा दिसला.
दोन दिवसांनी कळलं, हनुवटीखाली उजेडच नाही.
आग छातीत असेल तर हनुवटी उजळली पाहिजे,
तलवारीच्या पत्र्यावर एक पट्टा, डोळ्यांत दोन ठिपके,
मागच्या बाभळीवरसुद्धा थोडं तांबूस.
एक खोटं उभं करायला किती साक्षीदार लागतात.

फ्रेम एकशे चाळीस. तेवीस टिकल्या.
तिथं आग हिसका खाते, खांदा सोडून पळते.
मागं गेलो, पुढं गेलो. घामानं पडली असेल.
एकशे बासष्टमध्ये, उजव्या कडेला,
बाभळीच्या सावलीत कोकिळाबाई उभी,
एका हातात सुई, दुसऱ्यात रिळ, दातांत दोरा,
कपाळावर हिरवं काहीतरी.
दुप्पट मोठं केलं. चौपट.
वाळूतून उचलली असणार.
हरवू नये म्हणून, हात मोकळा नाही म्हणून,
जिथं लावायची सवय होती तिथं लावली असणार.

रणांगणात सुईदोरा घेतलेली बाई चालत नाही.
तिला काढावंच लागलं.
वाळू पसरली, बाभळ पुढं ओढली,
तिच्या जागी ऊन भरलं.
पण कापलेली ती मी वेगळ्या थरावर ठेवली.
थराशेजारी डोळ्याचं चित्र असतं,
ते दाबलं की थर दिसत नाही. असतो.
तो डोळा मिटला. रेंडरला रात्र लागली,
मध्ये दोनदा लाईट गेली.

गुरुवारी ती दळण घेऊन आली, जिना चढून वर आली.
सेनापती धगधगला. तिनं पुन्हा लावायला सांगितलं.
आगीकडे नाही, खांद्याकडे बघत होती,
गोंद सुटलाय का.
‘टिकल्या कथा ग्यात?’
म्हटलं, काढल्या.
‘समद्या?’
खाली गिरणी सुरू झाली, पट्टा फटफटला,
पडद्यावर पीठ बसू लागलं.
मी फडकं शोधत राहिलो.