छत्तीस स्पोक

एस्केलच्या बाहेर, वर्कशॉपचा पत्रा वाऱ्यानं खडखडतोय.
नेलिदानं रिम मांडीवर घेतलीय,
ॲसिटोनच्या बोळ्यानं एकेक निपल पुसतेय.
छत्तीस स्पोक.
बापाशी तिचा आकडाही तोच.

‘ट्यूब नाही? मग हवा राहणार कुणाच्या भरवशावर?’
एउसेबियो दारातूनच,
नळीनं माते-चहा ओढत.
ती बोलत नाही. प्रत्येक निपलवर सीलंटचा थेंब,
वरून टेप, ताणून, अंगठ्यानं दाबत.
आता चोवीस तास हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी टायर फाट्‌ फाट्‌ करत काठावर बसला.
साबणाचं पाणी.
पस्तीस गप्प.
एकाशी फुगा, बारीक, हट्टी,
फुटतो नि पुन्हा येतो.

म्हातारा वाकून बघतो.
‘हा मी बदललेला. रिओ मायोच्या अलीकडे, भर खडीत.
तू टाकीवर डोकं टेकून झोपली होतीस.
घाईत वाकडाच बसला.’
टायर पुन्हा उतरतो.
तो गुडघे मोडत खाली बसतो,
बोट पुढे करतो :
‘दे थेंब.’

जुनी ट्यूब खिळ्याला होती, अकरा ठिगळांची.
निघायच्या सकाळी खिळा रिकामा.
डावी बॅग जरा जड लागली.
तिनं उघडून पाहिली नाही.