धूपछाव

भंडाऱ्याच्या सर्जननं बाबांचं मनगट मोकळं केलं
तेव्हा निघालेला चिमूटभर पडदा
नागपूरला माझ्याच टेबलावर आला.
डोमाजी निमजे, ७४, आंधळगाव.
मी नाव सोडून नंबर वाचला.

काँगो रेड. मुळात सुताचा रंग,
तुरटी नको, काही नको, बुडवलं की धरतो.
बाबा म्हणायचे, कच्चा आहे, दुसऱ्या धुण्यात उतरतो.
मी अल्कोहोलात धुतलं. पुन्हा धुतलं.
नाही उतरला.
मग ध्रुवणाची काच फिरवली
आणि लाल होतं ते हिरवं झालं.

पुढच्या तपासण्या आल्यावर गावी गेले.
ते मागावर. बोटं बधिर,
तुटलेला धागा दातांनी ओढत होते.
"का निंघालं?"
प्रथिन आहे, बाबा. घडी चुकलीय.
पट्टीवर पट्टी बसते, कोशाच्या धाग्यात बसते तशी.
पण कोसा आपण उकळतो, सोडवतो.
हे सुटत नाही.

"चंद्रभागेले होतं तेच?"
नाही. मावशीचे सांधे वीस वर्षं धुमसले,
त्या धगीपायी यकृत जे पाठवत राहिलं
ते मूत्रपिंडात साचलं.
"अन् गभने मास्तर? जीभ तोंडात मावे नाही त्याची."
त्यांचं मज्जेतलं. तिथली एक पेशी वाढली, वाढतच गेली,
नुसत्या हलक्या साखळ्या विणत सुटली.

तुमचं ट्रान्सथायरेटिन.
दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते हसले.
चौघं मिळून एक ओझं नेतात रक्तातून,
म्हातारपणी एखाद्याचा खांदा सुटतो.
सुटलेले आधी मनगटात बसतात,
मग हृदयाच्या भिंतीत.
"म्हून दम लागते?"
म्हणून.

"उसवता येते?"
विणलं ते नाही. पुढचं रोखायला गोळी आहे,
चौघांना बांधून ठेवते.
किंमत विचारली. सांगितली.
त्यांनी फणी हाणली. एकदा, दोनदा.

मग म्हणाले, "हिरवा कसा?"
पुस्तकात सफरचंदी म्हणतात.
आंधळगावात सफरचंद फक्त आजाऱ्याला नेतात,
तेही लाल.
ते उठले, पेटीतून आईचं धूपछाव लुगडं काढलं,
ताणा तांबडा, बाणा हिरवा,
दाराशी उजेडात तिरपं धरलं. हात थरथरत होता.
"असा?"
जरा फिक्का.
"मंग कवळ्या लाखोळीचा."
हो, बाबा.
लाखोळीचाच.